तालुक्याच्या फाट्यावरून प्रवास-मॉडेलिंगच्या संशोधनाकडे

शहरी वाहतूक नियोजन म्हणजे मुंबई-पुण्याच्या पोरांचा विषय, असं दारव्हा, आर्वी किंवा दर्यापूरच्या विद्यार्थ्याला वाटतं. ते खरं नाही. लोक कुठं, कशानं, किती प्रवास करतात याचं गणिती मॉडेल चालवणारे पुष्कळ आहेत, पण तालुक्याच्या गावची नीट मोजलेली माहिती फार थोड्यांकडे असते. म्हणून सल्ला असा की एम.टेक.ला जाण्याआधी किंवा पहिल्या वर्षात आपल्याच तालुक्याचा एक छोटा, काटेकोर अभ्यास करून ठेवा. तो कसा करायचा ते पुढे सविस्तर आहे. आधी प्रवेशाचं उरकून घेऊ.

प्रवेश आणि पैसा

सिव्हिलवाल्यांनी गेट या प्रवेशपरीक्षेचा सिव्हिलचा पेपर द्यावा, आर्किटेक्चर-प्लॅनिंगवाल्यांनी त्यांचा. गुणांक ३ वर्षं चालतो. आयआयटीच्या जागा ‘कोआप’ पोर्टलवरून आणि एनआयटीच्या ‘सीसीएमटी’ पोर्टलवरून मिळतात. दोन्हीकडे वेगळी नोंदणी करावी लागते आणि दरवर्षी काही जण एकच करून बसतात. आयआयटी मुंबईत ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स, दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंगमध्ये ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत अर्बन प्लॅनिंग आहे. गेटवर एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्यात वसतिगृह निघतं, घरी पाठवायला उरत नाही.

पीएच.डी.साठी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, महिना ३७,००० रुपये आहे. शिवाय महाज्योती, बार्टी, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पाहा. महाज्योतीचं कार्यालय नागपुरातच आहे. कुणबी विद्यार्थ्यांनी सारथीची जाहिरातही वाचावी. निकष वर्षागणिक बदलतात आणि पीएच.डी.च्या नोंदणीच्या तारखेवरून अर्ज बाद होतात, त्यामुळे आधी जाहिरात वाचा, मग नोंदणी करा.

सांख्यिकी किंवा अर्थशास्त्रवाल्यांनी बिचकू नये. लोक कोणतं वाहन निवडतात याच्या मॉडेलचा पाया घालणारे डॅनियल मॅकफॅडन अर्थतज्ज्ञच, आणि त्यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. संभाव्यता, रिग्रेशन आणि मॅक्सिमम लाइकलीहूड पक्कं असलं, पायथन किंवा आर या संगणकभाषांपैकी एक हाताशी असली की सुरुवात होते. बायोजीम (निवड-मॉडेलसाठी), क्यूजीआयएस (नकाशांसाठी), सुमो (वाहतुकीच्या सिम्युलेशनसाठी) ही सगळी साधनं फुकट आहेत. महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून अडून बसू नका.

अभ्यासाची आखणी

पाठ्यपुस्तकातलं चार टप्प्यांचं मॉडेल असं: किती फेऱ्या निघतात, कुठून कुठं जातात, कशानं जातात, कोणत्या रस्त्यानं जातात. शिकागोसारख्या महानगरांसाठी १९५० च्या दशकात ते उभं राहिलं. तालुक्याच्या पातळीवर चौथ्या टप्प्यात जीव घालू नका, कारण बहुतेक गावांना रस्ताच एक असतो. खरी गंमत तिसऱ्या टप्प्यात आहे. लोक एसटी, काळीपिवळी, दुचाकी, सायकल की पायी, हे कशावरून ठरवतात?

तालुक्याचं गाव आणि २० किलोमीटरच्या आतली १५ खेडी घ्या. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ±५ टक्के चूक धरली तर नमुना किती घ्यायचा याच्या सूत्रानं ३८४ घरं येतात. पण तुम्ही गावं निवडून त्यातली घरं घेता आणि एकाच गावची घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून दीडपट करा: साधारण ५७५. म्हणजे १५ खेड्यांत प्रत्येकी २५ आणि तालुक्याच्या गावात २००. चौघांनी रोज प्रत्येकी ८ घरं केली तर १८ दिवसांचं काम. कोबोटूलबॉक्स या मोबाइल-सर्वेक्षणाच्या साधनावर फॉर्म बनवला की रेंज नसतानाही तो भरता येतो.

घरांची यादी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून काढा, म्हणजेच घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. २०११ ची जनगणना यासाठी जुनी झाली. नमुना ८ मध्येही नवी घरकुलं आणि गावापासून दूर असलेला तांडा किंवा बेडा सुटू शकतो. एकदा पायी फिरून यादी पुरी करा. तांड्यावरची माणसं एसटीच्या थांब्यापर्यंतच दोन-तीन किलोमीटर चालत असतील, तर नेमकी तीच नोंद गमावून चालत नाही.

जनगणनेचं कामावर जाण्याच्या अंतराचं आणि साधनाचं कोष्टक अनेक जण डोळे झाकून वापरतात. त्यात फक्त ‘इतर कामगार’ येतात. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले त्यात नाहीत. विदर्भातल्या खेड्यात त्या कोष्टकावरून निष्कर्ष काढणं म्हणजे गाव सोडून वेशीचं वर्णन करणं.

प्रश्न कसा विचारायचा

“तुम्ही काल किती प्रवास केला?” असं विचारलं तर “काही नाही जी, घरीच होतो” हेच उत्तर मिळेल. वावरात जाणं कोणी प्रवासात धरत नाही. सकाळपासून क्रमानं विचारा: घरातून पहिल्यांदा केव्हा निघाले, कुठं, कशानं, तिथून पुढं कुठं, परत केव्हा. घरातल्या प्रत्येकाची उत्तरं त्याच्याकडूनच घ्या. सून कुठं जाते हे सासऱ्याला विचारलं की निम्म्या फेऱ्या गळतात.

घरात दुचाकी आहे का, एवढं विचारून थांबू नका. ती सकाळी नऊला घरधनी घेऊन गेला तर बाईच्या दृष्टीनं ती नाहीच. प्रत्येक फेरीला विचारा की त्या वेळी गाडी रिकामी होती का. तसंच परतीचं. संध्याकाळी सहानंतर गावाकडे एसटी नसेल, तर माणूस सकाळीच एसटी सोडून देतो. म्हणून जाणं आणि येणं वेगवेगळं मोजण्यापेक्षा घरापासून घरापर्यंतची पूर्ण चक्कर हे एकक धरा.

आठवडी बाजाराचा दिवस वेगळा नोंदवा. सरासरीत मिसळला की दोन्ही चित्रं बिघडतात.

रस्त्यावरची मोजणी

बिगरशहरी रस्त्यांच्या मोजणीबद्दल इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी-९ हे मानक म्हणतं की वर्षातून दोनदा, सलग ७ दिवस, २४ तास मोजा: एकदा पीक निघून बाजारात जाताना, एकदा मंदीच्या काळात. आपल्याकडे याचा अर्थ एकदा कापूस-सोयाबीनच्या हंगामात आणि एकदा उन्हाळ्यात. विद्यार्थ्याला सात दिवस जमले नाहीत तर एक बाजाराचा आणि दोन साधे दिवस, सकाळी ६ ते रात्री ८, दर १५ मिनिटांच्या रकान्यात मोजा. त्यातला एक दिवस पूर्ण २४ तासांचा ठेवा, म्हणजे बाकीच्यांना गुणक लावता येईल. अर्थात हे तडजोडीचं आहे, तसं अहवालात लिहा.

आयआरसी-६४ प्रमाणे ग्रामीण रस्त्यावर कार १, दुचाकी ०.५, बस किंवा ट्रक ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५ आणि बैलबंडी ८ पीसीयू (एका कारच्या तुलनेत वाहन रस्त्याची किती जागा अडवतं ते एकक). लहान बंडी ६ धरतात. म्हणजे जिनिंगकडे निघालेल्या २० बंड्या १६० पीसीयू आणि ५० बस १५०. रस्त्याची जागा किती अडली ते यातून कळतं, माणसं किती गेली ते नाही. म्हणून वाहनातली माणसं वेगळी मोजा. काळीपिवळीत मागं लटकलेले आणि टपावरचेही धरा.

एसटीची माहिती दोन ठिकाणी असते. बसस्थानकावरच्या कंट्रोलरकडे वेळापत्रक असतं, पण प्रत्यक्ष सुटण्याच्या वेळा तुम्हीच आठवडाभर बसून लिहा. तिकीट यंत्रातला टप्पानिहाय डेटा आगार व्यवस्थापकांकडे कॉलेजच्या पत्रासह मागा. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा असतो, त्यामुळे गावागावाचा तपशील त्यातून निघत नाही. पासवाल्या विद्यार्थ्यांच्या फेऱ्या त्यात कितपत येतात, तेही आधी विचारून घ्या.

मॉडेल कुठं फसतं

पहिली अडचण थांबण्याच्या वेळेची. शहरात दोन बस जितक्या वेळानं सुटतात त्याच्या निम्मी वेळ धरतात. इथं तीन तासांनी बस असेल तर कोणी ९० मिनिटं थांबत नाही, वेळ बघूनच फाट्यावर येतो. त्याचं नुकसान वेगळंच असतं: काम सकाळी अकराला आणि बस आठची. हवी ती वेळ आणि बसची वेळ यांतला फरक हाच चलघटक घ्या. काळीपिवळीचं उलट, ती भरल्यावर सुटते. पहिला माणूस बसल्यापासून सुटेपर्यंतची वेळ स्टँडवर घड्याळ लावून मोजा.

दुसरी अडचण भाड्याची. लॉजिट, म्हणजे कोणतं साधन निवडण्याची शक्यता किती हे काढणारं मॉडेल, चालवल्यावर भाड्याचा गुणांक धन आला, म्हणजे महाग साधन लोकांना जास्त आवडतं असं निघालं, तर मॉडेलवर रागावण्याआधी भाड्याचा रकाना तपासा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे. पासवाल्या विद्यार्थ्याला आणखी एका फेरीचा खर्च शून्य. आणि कापूस वेचायला दुसऱ्या गावी ऑटोत जाणाऱ्या बायांचं भाडं बहुधा शेतकरी देतो, वाहनही मजुरांचा मुकडदम ठरवतो. तिथं त्या बाईनं काही निवडलेलंच नाही. त्या फेऱ्या निवड-मॉडेलमधून बाहेर काढा, फेऱ्यांच्या एकूण संख्येत ठेवा.

मग वेळेचं मोल काढा: वेळेचा गुणांक भागिले भाड्याचा गुणांक. समजा मिनिटाला −०.०३ आणि रुपयाला −०.०४ आले, तर ०.७५ रुपये मिनिट, म्हणजे ४५ रुपये तास. एका तासाचं मोल दिवसभराच्या मजुरीइतकं निघालं तर कुठंतरी गडबड आहे.

एसटी आणि काळीपिवळी एकाच स्टँडवरून सुटतात, एकीची गर्दी दुसरीकडे वळते. साधं लॉजिट त्यांना परक्यासारखं वागवतं, म्हणून दोन्ही एका घरट्यात, म्हणजे एकमेकांसारख्या साधनांच्या गटात, टाकून नेस्टेड लॉजिटही चालवून बघा. मॉडेल डेटाशी किती जुळतं ते सांगणारा रो-वर्ग ०.२५ आला म्हणून खचू नका. हा रिग्रेशनचा आर-वर्ग नव्हे, ०.२ ते ०.४ म्हणजे उत्तम. पण २० टक्के डेटा आधीच बाजूला काढून त्यावर पडताळणी केली नसेल, तर तो आकडा कोणाला दाखवू नका.

गाइड आणि पेपर

प्राध्यापकांना ‘आदरणीय सर, मला संशोधनाची खूप आवड आहे’ असा मेल शंभर जण करतात. तुम्ही एकच पान पाठवा: तालुक्याचा नकाशा, एक कोष्टक, आणि मॉडेल जिथं अडलं तो प्रश्न. आधी त्यांचे अलीकडचे दोन पेपर वाचा. सिम्युलेशनवाल्याला निवड-मॉडेलचं विचारू नका.

पहिला पेपर परिषदेत द्या. ट्रान्सपोर्टेशन रिसर्च ग्रुप ऑफ इंडियाची परिषद दर दोन वर्षांनी होते. वॉशिंग्टनच्या टीआरबी (ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्ड) परिषदेसाठी पेपर १ ऑगस्टपर्यंत जातो, परिषद जानेवारीत. तीन दिवसांत स्वीकारून फी मागणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नका. यूजीसीची केअर, म्हणजे मान्य जर्नलांची, यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल तपासायची जबाबदारी आता तुमच्यावरच आहे. पेपरसोबत मराठी प्रश्नावली आणि नावं, फोन, घरांचं जीपीएस काढून टाकलेला डेटा तयार ठेवा. परीक्षक तो मागू शकतात.