आचारसंहितेत बंदूक जमा करायची नोटीस आली तर

कोल्हापूर जिल्ह्यात निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यातून फोन येतो, "बंदूक आणून जमा करा." काही परवानाधारक त्याच दिवशी बंदूक गुंडाळून ठाण्यात टाकून येतात. काही जण 'बघू नंतर' म्हणत बसतात. दोन्ही चूक. फोनवरच लेखी नोटीस मागा, आणि ती मिळाली की तिच्यावर मिळाल्याची तारीख घालून सही करा.

आता नोटीस नीट वाचा. सही कोणाची, कलम कोणते, मुदत कधीपर्यंत आणि कारण तुमचे स्वतःचे दिले आहे की 'सर्व परवानाधारक' असा सरसकट शब्द आहे? कलमाकडे विशेष लक्ष द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163, म्हणजे जुने 144, असेल तर तो मनाई आदेश आहे आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांचा असा आदेश दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. शस्त्र अधिनियम 1959 चे कलम 17 लिहिले असेल तर प्रकरण वेगळे. तिथे परवानाच निलंबित किंवा रद्द होतो. त्यावर कलम 18 खाली अपील करावे लागते आणि त्याची मुदत 30 दिवसांची. कलम 17 चा कागद हातात असताना 'निवडणूक संपली की मिळेल परत' म्हणून थांबलात तर अपिलाची मुदत निघून जाते.

सरसकट जमा करून घेण्याची पद्धत न्यायालयांनी वारंवार नापसंत केली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगाने 2009 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती ठरवून दिली. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नसल्याने तिच्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक येतात. समितीने एकेका परवान्याची छाननी करायची असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले, यांच्याकडे आधी बघायचे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही मार्च 2024 मध्ये हेच सांगितले: सर्वांना एकच फतवा नको, ज्याची बंदूक घ्यायची त्याच्यापुरते लेखी कारण द्या. जिल्हा परिषद, महापालिकेच्या निवडणुकीत मात्र नोटिशीत राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशाचा संदर्भ असतो. त्याचा क्रमांक टिपून घ्या आणि अर्जात तोच घाला.

सूट हवी असेल तर अर्ज ठाण्यात नव्हे, नागाळा पार्कात जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, 'अध्यक्ष, छाननी समिती' यांच्या नावे. प्रत पोलीस अधीक्षकांना. दोन्हीकडे आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज एका पानाचा पुरे: परवाना क्रमांक, यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक), शस्त्राचा क्रमांक, आपल्यावर गुन्हा नोंद नाही हे विधान आणि शस्त्र जवळ लागण्याचे कारण. नेमबाजाने स्पर्धेची प्रवेशिका, तारखा आणि रायफल असोसिएशनचे पत्र जोडावे. दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर सराव असतो एवढे मोघम लिहून चालत नाही. बँकेच्या सुरक्षारक्षकाने बँकेचे पत्र जोडावे. राधानगरी, भुदरगड, चंदगड भागात पीक संरक्षणाचा परवाना असेल तर गवा किंवा रानडुकराने केलेल्या नुकसानीचा ताजा पंचनामा जोडा. मागच्या वर्षीच्या पंचनाम्याला कोणी विचारत नाही.

अर्जाचा निकाल येईपर्यंत बंदूक घरात दाबून ठेवू नका. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा होतो, आणि तोच गुन्हा पुढे नूतनीकरणात आडवा येतो. 'माझी हरकत कायम ठेवून जमा करत आहे' असे लिहून द्या आणि जमा करा.

कोर्टात जायचेच असेल तर त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोर भरते; सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली प्रकरणेही इथेच येतात. याचिकेचा भर दोन गोष्टींवर हवा: कारण दिले नाही आणि वैयक्तिक छाननी केली नाही. 'शस्त्र बाळगणे माझा मूलभूत हक्क' हा मुद्दा काढू नका. अमेरिकेच्या घटनेत तसा हक्क आहे, आपल्या घटनेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये बोलून दाखवले आहे. तिकडचा 2022 चा ब्रुएन निकाल (घराबाहेर बंदूक बाळगण्याचा हक्क मानणारा) व्हॉट्सअ‍ॅपवर कितीही फिरला तरी इथे त्याचा उपयोग शून्य.

जमा करायला नेताना बंदूक रिकामी, कव्हरमध्ये, काडतुसे वेगळ्या पिशवीत. मूळ परवाना आणि नोटिशीची प्रत अंगावर ठेवा, कारण वाटेत नाकाबंदी असतेच. नेण्याआधी नळी पुसून आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात द्या. चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. चामडे दमट हवा धरते आणि पावसाळ्यात महिनाभरात नळीवर तांबूस ठिपके उठतात. शस्त्राचा क्रमांक, दस्ता आणि नळीचे तोंड यांचे फोटो काढा.

पावतीवरच बहुतेक भांडणे होतात. 'एक बारा बोर बंदूक मिळाली' एवढी ओळ घेऊन येऊ नका. बनवणारी कंपनी, बोर, शस्त्र क्रमांक, काडतुसांची संख्या, पट्टा-कव्हर, सध्याची स्थिती, तारीख, स्टेशन डायरीची नोंद आणि शिक्का, सगळे हवे. डबल बॅरलच्या दोन्ही नळ्यांवर आणि खालच्या लाकडाच्या तुकड्यावर क्रमांक असेल तर तोही लिहून घ्या, कारण मुद्देमाल खोलीत एकाचा तुकडा दुसऱ्याला लागतो. ठाण्याऐवजी परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायची मुभा आदेशात असेल तर ती घ्या. भाडे पडते, पण बंदूक कपाटात राहते. विक्रेत्याच्या पावतीची प्रत ठाण्यात देऊन तिचीही पोच घ्या.

बंदूक जमा असली तरी परवान्याची मुदत थांबत नाही. त्या काळात परवाना संपला तर निवडणुकीनंतरही शस्त्र हातात देत नाहीत, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज आधीच ऑनलाइन भरून ठेवा. आणि शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर, नेमबाजांसारखे अपवाद सोडले तर, एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. तिसरे अजून पावतीवर असेल तर ते परत मिळेल या आशेवर राहू नका.

निकालानंतर आठवडा उलटला की शस्त्र परत द्यायचे, असे आयोगाच्या सूचनेत आहे. फोनची वाट बघू नका, लेखी अर्ज करा. सही करण्याआधी तिथेच बंदूक उघडा, क्रमांक जुळवा, काडतुसे मोजा, नवा गंज किंवा दस्त्याला चीर दिसली तर परत घेतल्याच्या नोंदीतच लिहा. घरी आल्यावर पहिला बार काढण्याआधी नळीतून उजेड बघा आणि गज घाला. महिना-दीड महिना कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते, आणि तसा अडथळा असताना बार काढला तर नळी फुटते.