बोर्डासमोर अहवाल मांडताना या चुका टाळा

अंधेरीतल्या आमच्या जुन्या ऑफिसात तिमाही सभेच्या आदल्या रात्री साडेनऊला प्रिंटर अडकला आणि मी बोर्ड पेपरची 64 पानं हातानं लावत बसले. एका जिल्ह्यातलं काम चार महिने ठप्प आहे, ही ओळ 41व्या पानावर होती, तीसुद्धा तळटिपेत. मीच ती तिथे नेऊन बसवली होती, संचालकांच्या सांगण्यावरून. दुसऱ्या दिवशी एका विश्वस्तांनी, निवृत्त बँकर, हातात पेन्सिल, फाईल मागून उघडली. "मी तळटिपा आधी वाचतो," म्हणाले. पुढचा पाऊण तास त्या एका ओळीवर गेला. चार महिन्यांबद्दल फार कोणी बोललं नाही. सगळे एकच विचारत होते: हे आम्हाला आज, असं का कळतंय?

त्यानंतर बरीच वर्षं मी विकास संस्थांच्या प्रमुखांसाठी बोर्डाचे कागद लिहिते आहे. चुका त्याच त्याच दिसतात.

वाईट बातमी मागच्या पानावर

गोषवाऱ्याच्या पहिल्या तीन ओळींत काय बिघडलं, कधीपासून आणि आपण काय करतो आहोत, एवढं आलंच पाहिजे. बातमी खरोखर मोठी असेल तर त्याआधी अध्यक्षांना फोन. फक्त सांभाळायची गोष्ट म्हणजे अध्यक्षांना एक आणि कोषाध्यक्षांना दुसरं असं सांगू नका. ते दोघं सभेआधी एकमेकांशी बोलतात, हे प्रमुख मंडळी हटकून विसरतात.

जुना आकडा तसाच पुढे सरकवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि तिचं उदाहरण शोधायला मुंबईबाहेर जावं लागत नाही. जागतिक बँकेनं 2002 मध्ये मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला कर्ज मंजूर केलं. रेल्वेच्या कामांबरोबर त्यात जोगेश्वरी–विक्रोळी आणि सांताक्रूझ–चेंबूर हे दोन जोडरस्ते होते. त्यासाठी एक लाखाहून जास्त माणसं हलवायची होती. 2004 मध्ये रस्त्याकडेच्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलकडे, म्हणजे बाधितांच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळाकडे, तक्रार केली. बाधितांची मोजणी कमी धरलेली, आणि वर्षानुवर्षं धंदा करणाऱ्या दुकानदारांना झोपडपट्टीतल्या कुटुंबांच्याच मापानं मोजलेलं. ज्यांची दुकानं मोठी होती त्यांनाही 225 चौरस फुटांचा गाळा. आता 225 फुटांत हार्डवेअरचं दुकान मांडून बघा: लोखंडी नळ आत येतात, मालक बाहेर उभा राहतो. पॅनेलनं तक्रारीतला बराच भाग खरा धरला. 1 मार्च 2006 रोजी बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागांचे पैसे थांबवले, ते त्याच वर्षीच्या जूनपर्यंत.

यात बोर्डाचा संबंध कुठे? हे पॅनेल बँकेच्या व्यवस्थापनाला नाही, थेट संचालक मंडळाला उत्तर देतं. म्हणजे प्रमुखांच्या अहवालात जे नीट आलं नाही, ते दुसऱ्या दारानं संचालकांच्या टेबलावर पोचलं. हे दार उघडलं त्यामागेही आपल्याकडचंच प्रकरण होतं. 1985 मध्ये नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाला बँकेचं 45 कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, विरोध वाढत गेला, आणि जून 1992 मध्ये बँकेनंच नेमलेल्या स्वतंत्र मोर्स समितीनं पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेच्या कामावर बोट ठेवलं. महाराष्ट्राच्या बाजूचं, अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली त्या काळात बातम्यांत होतं. 1993 मध्ये पॅनेल स्थापन झालं.

उपाय साधा आहे, पण कंटाळवाणा. प्रत्येक मूळ आकड्यापुढे तीन गोष्टी लिहा: कोणी मोजला, कधी मोजला, त्यात कोण धरलेलं नाही. तिसरी गोष्ट लिहिताना हात अडखळतो. तिथेच थांबून क्षेत्रावरच्या माणसाला फोन करा. आकडा बदलला तर जुना खोडून नवा टाकू नका. दोन्ही शेजारी ठेवा आणि कारण लिहा. "व्याख्या बदलली" हे कारण होत नाही. कोणती व्याख्या, कोणी बदलली, तेही हवं.

सगळं हिरवं

कोणतं काम अडलं आणि कोणतं नीट चाललंय हे दाखवणारा, लाल, पिवळा, हिरवा असे ठिपके असलेला तक्ता आता सगळीकडे असतो. सलग तीन सभांना पूर्ण हिरवा तक्ता आला की मी तरी काळजीत पडते. संयुक्त राष्ट्रांची यूएनओपीएस ही प्रकल्प राबवणारी संस्था घरबांधणीतल्या गुंतवणुकीबद्दल मोठे वायदे करत होती. सुमारे 6 कोटी डॉलर एकाच कुटुंबाशी संबंधित कंपन्यांकडे गेले आणि त्यातला बराच पैसा अडकला. मे 2022 मध्ये कार्यकारी संचालक ग्रेटे फारेमो यांनी राजीनामा दिला. हे बाहेर आलं तेव्हा बोर्डाला स्वतंत्र तपासणी लावावी लागली.

म्हणून मूल्यमापनाचा आणि अंतर्गत लेखापरीक्षणाचा अहवाल प्रमुखांच्या हातून "दुरुस्त" होऊन जाऊ देऊ नका. यूएनडीपीचं (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) मूल्यमापन कार्यालय थेट कार्यकारी मंडळाला अहवाल देतं. व्यवस्थापनाचं म्हणणं वेगळ्या कागदावर जोडलं जातं. आपल्या छोट्या संस्थेतही हे जमतं, त्याला पैसे लागत नाहीत.

माहितीस्तव की मान्यतेसाठी?

प्रत्येक विषयावर यापैकी एक शब्द हवाच. तो नसला की विश्वस्त तासभर चर्चा करतात, चहा होतो, आणि इतिवृत्तात "सविस्तर चर्चा झाली" एवढंच उरतं. बोर्ड कसलं आहे हेही पाहा. जागतिक बँकेचे 25 कार्यकारी संचालक वॉशिंग्टनमध्येच बसतात आणि आठवड्यातून साधारण दोनदा भेटतात. त्यांना मागचा संदर्भ माहीत असतो. यूएनडीपीचं 36 सदस्यांचं मंडळ वर्षातून तीनदा भरतं. तुमचे विश्वस्त बहुधा दुसऱ्या जातकुळीतले: कोणी पुण्याहून येतं, कोणी दादरला लोकल बदलून, मागची फाईल कोणी उघडलेली नसते. मागच्या सभेत काय ठरलं ते अर्ध्या पानात परत सांगा. आणि देणगीदारासाठी लिहिलेला अहवाल चिकटवू नका. देणगीदाराला त्याच्या प्रकल्पाचं कळायला हवं असतं, विश्वस्तांना संस्थेचं. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी देणगी कायद्याच्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनं 50 टक्क्यांवरून 20 वर आली, याचा तुमच्या पगारपत्रकावर काय परिणाम झाला ते कुठल्याच देणगीदाराच्या अहवालात नसतं.

प्रशिक्षणं किती झाली, किती लोक आले, हे परिशिष्टात टाका. कोणी ते वाचत नाही आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

ऐनवेळचे विषय

"अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय" या ओळीखाली मी कर्जाची हमी मंजूर होताना पाहिली आहे. सभा संपत आलेली, बाहेर जुलैचा पाऊस, सगळ्यांचं लक्ष हार्बर लाईन सुरू आहे का याकडे. कलम 8 कंपनी (कंपनी कायद्याखालची ना-नफा संस्था) असाल तर संचालकांना सात दिवस आधी नोटीस द्यावी लागते. संयुक्त राष्ट्रांत कागद सभेच्या सहा आठवडे आधी देण्याचा नियम आहे, तोही सहा भाषांत. पैशाचा, नेमणुकीचा किंवा कोर्टकचेरीचा विषय ऐनवेळी आणूच नका. खरंच घाई असेल तर वेगळी सभा बोलवा.

चूक झालीच असेल तर

मागच्या अहवालात चुकीचं गेलं, हे आज लक्षात आलं, समजा. पुढच्या सभेची वाट पाहू नका. एक पानाचं टिपण पाठवा. मी असा मजकूर वापरते:

"मागील सभेच्या अहवालात पान 7 वर आपण अमुक आकडा दिला होता. तो चुकीचा होता. योग्य आकडा हा. चूक आमच्या मोजणीत झाली; दोन गावं दोनदा धरली गेली. त्या आकड्यावर आधारित ठराव क्र. 4 वर याचा परिणाम होतो, म्हणून तो फेरविचारासाठी पुढील सभेत ठेवत आहोत."

"अनवधानानं" हा शब्द गाळा. "काही तांत्रिक कारणांमुळे" तर नकोच. खाली प्रमुखांची सही, कार्यक्रम व्यवस्थापकाची नाही. आणि इतिवृत्त कायम करताना हे टिपण मागच्या सभेच्या इतिवृत्तालाच टाचून ठेवा, कारण दोन वर्षांनी लेखापरीक्षक तीच फाईल मागतो.