गिटारचा वाकलेला ट्रेमोलो ब्रिज सरळ करताना

स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या गिटारवर ब्रिजची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या भागाची, प्लेट पुढच्या सहा स्क्रूंवर झुलते. हे स्क्रू कुणी करकचून आवळले की झुलायला जागा उरत नाही आणि भोकांच्या ओळीत, जिथे पत्रा सर्वांत कमकुवत, तिथेच प्लेट वाकते. दोष बहुधा आर्मला, म्हणजे ब्रिज झुलवून सूर हलवायच्या दांड्याला, दिला जातो.

आधी सगळ्या तारा आळीपाळीने सैल करा. ०.०१० संचाचा (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) एकत्रित ताण ४५ किलोच्या आसपास असतो. मग आर्म काढा, मागच्या स्प्रिंगा पकडीने सोडवा, सहा स्क्रू काढा. सॅडल (प्रत्येक तारेखालचा छोटा टेकू) कुठलं कुठे होतं याचा फोटो असू द्या. ब्लॉक, म्हणजे प्लेटखालचा धातूचा ठोकळा, प्लेटला तीन स्क्रूंनी जोडलेला असतो, तोही वेगळा करा.

आता प्लेटला चुंबक लावा. चिकटला तर पोलाद, सरळ होईल. नाही चिकटला तर ती बहुधा जस्ताची ओतीव असते, आणि ती वाकवताना तुटते. भोकांभोवती केसासारखी चीर दिसली, तर पोलादी प्लेटही बादच. नवी घेताना बाहेरच्या दोन स्क्रूंचं अंतर मोजा: जुन्या मापात ५६ मिमी, स्वस्त गिटारवर अनेकदा कमी.

बेंच व्हाइसच्या जबड्यांत सागवानाचे दोन सपाट तुकडे घेऊन प्लेट हळूहळू दाबा. पत्रा थोडा परत उसळतो, म्हणून किंचित उलटीकडे न्यावा लागतो. हातोडी नको, खळगे पडतात. तापवूही नका, क्रोम जातं. काचेवर ठेवून पाहा: ०.१ मिमीची फिलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) खालून जायला नको.

मजबुतीसाठी ब्लॉकच्या मागे, प्लेटच्या खालच्या बाजूला, १.५ मिमी पोलादी पट्टी एपॉक्सीने चिकटवता येते. दोन्ही पृष्ठं घासून, तेल पुसून, २४ तास क्लॅम्पमध्ये ठेवा. भोकांच्या ओळीवर मात्र पट्टी चालत नाही. तिथे खरी मजबुती स्क्रू नीट बसवण्यातच आहे.

लाकडातले आटे गेले असतील तर भोकात बांबूच्या काड्या आणि फेविकॉल भरून एक दिवस थांबा. सहाही स्क्रू प्लेटला जेमतेम टेकवा, मग मधले चार अर्धा फेरा आणि कडेचे दोन पाव फेरा सैल करा. स्प्रिंगा लावण्याआधी ब्लॉक बोटाने हलवा. कुठेही अडकायला नको.

शेवटी तीन स्प्रिंगा, तारा आणि ट्यूनिंग. प्लेटची मागची कड बॉडीपासून ३ मिमी वर हवी. जास्त उचलली तर मागच्या क्लॉचे (स्प्रिंगा ज्यात अडकतात त्या आकड्याचे) दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा आवळा आणि दर वेळी पुन्हा ट्यून करून मगच मोजा. पट्टी लावली असेल तर तिच्याखाली निम्मीच जागा उरते. आर्म वर ओढताना सुरांची झेप तेवढी कमी होणार.