इंटरनेट कंपनीचा डायलर संगणकात न घेता जोडणी कशी चालवावी

नवी ब्रॉडबँड जोडणी देताना काही कंपन्या, आणि विशेषतः गल्लोगल्ली जाळे पसरलेले स्थानिक केबलवाले, अजूनही एक अट घालतात: आमचे सॉफ्टवेअर, म्हणजे लॉगिन करून जोडणी सुरू करणारा ‘डायलर’, संगणकात टाकल्याशिवाय नेट चालू होणार नाही. जोडणी करायला आलेला मुलगा पेनड्राइव्ह लावतो, प्रशासकाचा पासवर्ड टाकायला सांगतो, दोन-तीन वेळा ‘नेक्स्ट’ दाबतो आणि पाच मिनिटांत निघून जातो. त्या पाच मिनिटांत संगणकात नेमके काय बसले, त्याला कोणते अधिकार मिळाले आणि ते काढायचे झाल्यास कसे काढावे, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. बहुसंख्य जोडण्यांना अशा सॉफ्टवेअरची तांत्रिक गरज नसते. ती नाही हे कसे तपासावे आणि खरोखरच असली तर काय करावे, ते येथे क्रमाने सांगत आहे.

ही प्रथा जुनी आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीची सेवा तिच्याच प्रोग्राममधून घ्यावी लागे. आपल्याकडे २००० नंतर केबल ब्रॉडबँड आले तेव्हा सिफीचा डायलर आणि अहमदाबादच्या एलिटकोअर कंपनीचा ‘२४ऑनलाइन’ हा तशाच कामाचा क्लायंट प्रोग्राम अनेकांनी वापरला. त्या काळी एका जोडणीवर एकच संगणक चालावा, असा हिशेब असे. आता घरात फायबर आणि राउटर आले, एका जोडणीवर दहा उपकरणे चालतात, तरी काही ठिकाणी डायलर टिकून आहे. काही ठिकाणी त्याची जागा मोबाइल ॲपने घेतली आहे.

कंपनीला एरवीही काय दिसते

गोपनीयतेचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. तार कंपनीची असल्याने तुम्ही किती वाजता जोडले गेलात, किती डेटा वापरला, कोणत्या आयपी पत्त्यांशी (जाळ्यावरील संगणकांच्या क्रमांकांशी) बोललात आणि बहुतेक वेळा कोणत्या संकेतस्थळाचे नाव मागितले, एवढे कंपनीला डायलरशिवायही दिसते. मात्र संकेतस्थळ एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणारी पद्धत, वापरत असेल, तर त्या पानावर तुम्ही काय वाचले, काय लिहिले, कोणता पासवर्ड टाकला, हे तारेवरून वाचता येत नाही. प्रशासकाच्या अधिकाराने बसलेला प्रोग्राम ही मर्यादा ओलांडू शकतो. तो संगणकातील फाइली वाचू शकतो, कोणते प्रोग्राम चालू आहेत ते पाहू शकतो, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) बदलू शकतो, स्वतःला परस्पर अद्ययावत करू शकतो आणि विश्वासार्ह प्रमाणपत्रांच्या यादीत स्वतःचे रूट सर्टिफिकेट, म्हणजे संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना खरे ठरवणारे मूळ प्रमाणपत्र, घालू शकतो. प्रत्येक डायलर हे करतोच असे मी म्हणत नाही. परंतु त्याला ते करू देणारी किल्ली आपण एकदा दिली की तो काय करतो, हे पाहण्याचे साधन सामान्य ग्राहकाकडे उरत नाही.

यांतले रूट सर्टिफिकेट सर्वांत धोक्याचे आहे. ते एकदा बसले की तुमच्या आणि संकेतस्थळाच्या मधला सर्व्हर कोणत्याही बँकेच्या किंवा ईमेलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र तयार करू शकतो आणि ब्राउझर जोडणी सुरक्षितच असल्याचे दाखवत राहतो. कझाकस्तानात जुलै २०१९ मध्ये इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांना सरकारी प्रमाणपत्र बसवायला सांगितले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला आणि ॲपल यांनी ते प्रमाणपत्र आपापल्या ब्राउझरमध्ये बाद केले. त्याआधी २०१२ मध्ये टॉर प्रकल्पाच्या (ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेच्या) अभ्यासकांनी दाखवून दिले होते की एलिटकोअरच्याच सायबरओम या नेटवर्कवरील वाहतूक तपासणाऱ्या उपकरणांमध्ये सर्वत्र एकच प्रमाणपत्र वापरलेले आहे. म्हणजे ते प्रमाणपत्र स्वीकारलेल्या माणसाचा संवाद तसले दुसरे कोणतेही उपकरण मध्ये बसवून उघडता आला असता. प्रमाणपत्र बसवणाऱ्याचा हेतू स्वच्छ असला तरी त्याच्या निष्काळजीपणाची किंमत ग्राहकाला मोजावी लागते, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जोडणीचा प्रकार कसा ओळखावा

तंत्रज्ञ घरी येण्याआधीच ग्राहक सेवेला विचारावे, “जोडणी पीपीपीओई आहे, डीएचसीपी आहे, की लॉगिन पेजची?” पीपीपीओईत नाव-पासवर्ड देऊन जोडणी सुरू होते, डीएचसीपीत तार लावताच आयपी पत्ता आपोआप मिळतो, आणि लॉगिन पेजमध्ये ब्राउझरमधल्या पानावर नाव-पासवर्ड टाकावा लागतो. हा प्रश्न असाच, या शब्दांत विचारावा; ‘सॉफ्टवेअर लागते का’ असे विचारले तर ‘हो, लागते’ एवढेच उत्तर येते. पीपीपीओई ही पद्धत १९९९ पासून खुल्या मानकात नोंदलेली आहे, आणि विंडोज एक्सपीपासून पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये, लिनक्समध्ये व बाजारातल्या जवळपास प्रत्येक राउटरमध्ये ती अंगभूत असते. अनेक डायलर आतून हीच पद्धत वापरतात आणि वर फक्त आपले चिन्ह लावतात.

उत्तर मिळाले नाही, तर स्वतः तपासता येते. केबलची तार थेट संगणकाला लावावी. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग डायल-अप, मग सेट अप अ न्यू कनेक्शन असे जावे, इंटरनेटशी जोडण्याचा पर्याय घेऊन ब्रॉडबँड पीपीपीओई निवडावे. युजरनेम आणि पासवर्ड म्हणून मुद्दाम काहीतरी खोटेच टाकून कनेक्ट दाबावे. आता कोणती त्रुटी येते ते नीट पाहावे. ६९१ क्रमांकाची त्रुटी आली, तर आपल्याला हवे ते उत्तर मिळाले: पलीकडे पीपीपीओई सर्व्हर आहे, त्याने आपली हाक ऐकली आणि नाव-पासवर्ड जुळत नाही म्हणून नकार दिला. ६५१ आली, तर पलीकडून कोणी उत्तरच दिलेले नाही. तार सैल आहे, सर्व्हर केवळ नोंदवलेल्या मॅक पत्त्यालाच (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकालाच) उत्तर देतो, किंवा जोडणी दुसऱ्या प्रकारची आहे. ज्यांना वायरशार्क (तारेवरून जाणारी पॅकेटे दाखवणारा प्रोग्राम) वापरता येते त्यांनी ‘पीपीपीओईडी’ हा फिल्टर लावून पाहावे. संगणकाने पाठवलेल्या पीएडीआय पॅकेटला (‘सर्व्हर आहे का?’ या हाकेला) सर्व्हरच्या पीएडीओ पॅकेटने उत्तर आले, तर शंकेला जागा राहत नाही.

प्रकार पीपीपीओई निघाला, की खरे युजरनेम आणि पासवर्ड कंपनीकडून लेखी, निदान एसएमएसवर, मागून घ्यावेत आणि स्वतःच्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या) सेटिंगमध्ये भरावेत. युजरनेम बहुधा ग्राहक क्रमांकावरूनच बनवलेले असते. काही केबलवाले हा पासवर्ड ग्राहकाला देत नाहीत आणि स्वतःच येऊन भरतात. तेही चालेल, कारण तो राउटरमध्ये जातो, संगणकात नाही.

जोडणी डीएचसीपीची असेल तर काम आणखी सोपे आहे, फक्त मॅक पत्त्याची गाठ सोडवावी लागते. कंपनीने पहिल्या दिवशी तुमच्या लॅपटॉपचा मॅक पत्ता नोंदवला असेल, तर राउटर लावल्यावर नेट बंद पडते. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ हा दुसऱ्या उपकरणाचा मॅक पत्ता वापरण्याचा पर्याय असतो, तेथे लॅपटॉपचा पत्ता टाकावा, किंवा ग्राहक सेवेला सांगून राउटरचा पत्ता नोंदवून घ्यावा.

लॉगिन पेजच्या जोडणीत ब्राउझर पुरेसा असतो. कंपनीचा माणूस ‘पेज सारखे उघडावे लागेल, त्यापेक्षा सॉफ्टवेअर बरे’ असे सांगतो, आणि त्यात थोडे तथ्य आहे: सर्व्हरला ठरावीक वेळाने जिवंतपणाचा निरोप लागतो, तो ते पान उघडे असेपर्यंतच जातो. पण ते पान एका टॅबमध्ये उघडे ठेवणे ही संगणक दुसऱ्याच्या हाती देण्यापेक्षा फार छोटी अडचण आहे. त्या पानाचा पत्ता मात्र पाहावा. तो नुसत्या एचटीटीपीने सुरू होत असेल, तर पासवर्ड उघड्यावर जातो. म्हणून तो पासवर्ड इतर कोठेही वापरलेला नसावा.

डायलर टाळता येत नसेल तेव्हा

काही इमारतींत एकच केबलवाला असतो आणि त्याचा सर्व्हर स्वतःच्या क्लायंटखेरीज दुसऱ्याचे ऐकत नाही. अशा वेळी कामाचा, बँकेचा, मुलांच्या अभ्यासाचा संगणक त्या प्रोग्रामपासून दूर ठेवावा आणि एखादा जुना लॅपटॉप केवळ लॉगिनसाठी बाजूला काढावा. आधी तार राउटरच्या वॅन तोंडात लावावी, मग राउटरमागच्या त्या जुन्या लॅपटॉपवरून लॉगिन करावे. बहुतेक ठिकाणी सर्व्हरला राउटरचाच एक पत्ता दिसतो, त्यामुळे एकदा लॉगिन झाले की घरातली बाकीची उपकरणे डायलरविना चालतात. त्या लॅपटॉपवर कोणतेही खाते उघडू नये, आणि राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय असेल तर त्याला त्यावर ठेवावे. जुना लॅपटॉप नसेल तर व्हर्च्युअल मशीनमध्येही (संगणकाच्या आत चालणाऱ्या वेगळ्या, बंदिस्त संगणकातही) हे जमते, परंतु ते दररोज चालू ठेवणे सर्वांना झेपणारे नाही.

मोबाइल ॲपच्या बाबतीत हाच विचार. बिल भरणे, तक्रार नोंदवणे, प्लॅन बदलणे यांसाठी संपर्कयादी, ठिकाण किंवा मायक्रोफोन यांची परवानगी लागत नाही. कंपनीचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये चालत असेल तर ॲप घेऊच नये; घेतलेच तर सर्व परवानग्या नाकारून पाहाव्यात आणि जी नाकारल्यावर काम अडते तेवढीच द्यावी.

कंपनीने दिलेला राउटरही थोडासा याच प्रश्नात येतो. त्यात दूरनियंत्रणाची टीआर-०६९ सोय बहुधा चालू असते, आणि तिच्यामार्फत कंपनी सेटिंग बदलू शकते. त्यामागे स्वतःचा राउटर लावावा आणि कंपनीच्या उपकरणाला ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगावे, म्हणजे ते फक्त जोडणी पुढे पाठवते आणि राउटरचे काम तुमचा राउटर करतो.

आधीच बसवून टाकले असेल तर

प्रोग्राम अनइन्स्टॉल केल्यावर काम संपत नाही. विंडोजच्या शोधपट्टीत ‘मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स’ असे टाकून उघडावे, तेथे ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ खालची यादी पाहावी; मग ‘मॅनेज युजर सर्टिफिकेट्स’ मध्येही तेच पाहावे. इंटरनेट कंपनीचे, केबलवाल्याचे किंवा एखाद्या फायरवॉल बनवणाऱ्याचे नाव दिसले, तर ते आधी एक्स्पोर्ट करून फाइल जपून ठेवावी, कारण तक्रारीत तोच पुरावा असतो, आणि नंतर काढून टाकावे. कार्यालयाचा संगणक असेल तर आयटी विभागाला विचारल्याशिवाय काहीही काढू नये. तेथे कंपनीचे स्वतःचे प्रमाणपत्र असू शकते. फायरफॉक्सची यादी वेगळी असते, ती त्याच्या गोपनीयता सेटिंगमध्ये ‘व्ह्यू सर्टिफिकेट्स’ खाली मिळते. अँड्रॉइडवर सुरक्षा सेटिंगमधील ‘ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स’ मध्ये ‘युजर’ हा भाग रिकामा असला पाहिजे.

त्यानंतर टास्क मॅनेजरचा स्टार्टअप भाग आणि सर्व्हिसेसची यादी पाहावी, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस आणि प्रॉक्सी (ज्यातून वाहतूक वळवली जाते तो मधला सर्व्हर) कोणी बदलले आहे का ते तपासावे. फायरफॉक्समध्ये केवळ-एचटीटीपीएसचा पर्याय चालू करावा. एचटीटीपीवर काय होऊ शकते ते २०१५ मध्ये बेंगळुरूमधील एका प्रोग्रामरने उघड केले होते: एअरटेलच्या थ्रीजी जोडणीवर त्याच्या पानांमध्ये त्याने न लिहिलेली जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) घुसवली जात होती. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ मिळतो, तो वापरल्यास संकेतस्थळांच्या नावांची विचारणा कंपनीच्या सर्व्हरकडे उघडपणे जात नाही. शेवटी बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावा.

‘सरकारी नियम आहे’ असे सांगितले तर

हे वाक्य हमखास ऐकू येते. ग्राहकाची ओळख पटवणे आणि वापराच्या नोंदी ठेवणे कंपनीवर बंधनकारक आहे, यात वाद नाही. डिसेंबर २०२१ मधील परवाना दुरुस्तीनुसार त्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. पण त्या नोंदी कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, लॉगिन होताना आणि संपताना तयार होतात. त्यासाठी ग्राहकाच्या संगणकात काही बसवावे लागत नाही. म्हणून शांतपणे म्हणावे, “तो नियम मला लेखी दाखवा.”

दूरसंचार नियामक ट्रायने जुलै २०१८ च्या शिफारशींमध्ये, दूरसंचार क्षेत्रातील वैयक्तिक माहितीचा मालक ग्राहक आहे आणि कंपन्या केवळ तिच्या रक्षक आहेत, असे म्हटले आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणखी स्पष्ट आहे. त्यातील सहाव्या कलमाखाली दूरवैद्यकीय ॲपचे उदाहरण दिले आहे: ॲपने एका महिला रुग्णाकडे संपर्कयादी मागितली आणि तिने हो म्हटले, तरी त्या सेवेला यादीची गरज नसल्याने तिची संमती सेवेपुरतीच मानली जाईल. डायलरला आणि ॲपला हेच माप लावता येते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. तोवरही तक्रारीत या उदाहरणाचा उल्लेख करण्याला अर्थ आहे.

तक्रार आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे करावी आणि डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्यावा. तो मिळाला नाही तर तक्रार झालीच नाही असे धरावे. समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे, तेथेही काही झाले नाही तर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे. तक्रारीत जोडणीचा प्रकार, ६९१ त्रुटीचा स्क्रीनशॉट, एक्स्पोर्ट केलेले प्रमाणपत्र आणि एकच मागणी लिहावी: मानक पद्धतीने जोडता येईल असे युजरनेम आणि पासवर्ड द्यावेत. ही मागणी मान्य होत नसेल आणि इमारतीत दुसरी कंपनी येत असेल, तर जोडणी बंद करताना अनामत रक्कम परत मिळाल्याची आणि राउटर जमा केल्याची पावती घेऊन ठेवावी.