बाइक झाकून ठेवण्याआधी: ऑन्टारियोतल्या पहिल्या हिवाळ्याची तयारी

पुण्या-नाशकात गाडी शिकलेल्या माणसाला बाइक पाच महिने झाकून ठेवायची हे पटतच नाही. तिकडे फार तर धो धो पावसात चार दिवस गाडी आत राहते. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, टोरांटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनकडे मात्र ऑक्टोबर संपता संपता हंगाम आटोपतो आणि एप्रिलमध्ये दोन-चार चांगले पाऊस होईपर्यंत रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ असतं. थंडीपेक्षा हे मीठच गाडीला जास्त खातं. म्हणून दसऱ्याला गाडीला हार घालता, त्याच आठवड्यात तयारीला लागा. दिवाळीपर्यंत काम उरकलेलं बरं. मीठ पडल्यावर 'एक शेवटची चक्कर' मारलीत तर धुण्यापासून सगळं पुन्हा करावं लागेल.

सामान एकदाच आणून ठेवा: इंजिन ऑइल आणि फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, पेट्रोल स्टॅबिलायझर, चेन साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश, चेन लूब, गंजरोधक स्प्रे, बॅटरी मेंटेनर आणि हवा खेळेल असं कापडी कव्हर. ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं आहे ना, ते बघा. बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं इंधन-बचतवालं ऑइल घातलंत तर क्लच घसरायला लागतो आणि ते कळतं वसंतात, हायवेवर.

कामांचा क्रम महत्त्वाचा. आधी गाडी नीट धुवा, मग शेवटच्या फेरीला निघा म्हणजे फटीफटीतलं पाणी वाऱ्याने आणि इंजिनाच्या उष्णतेने सुकतं. परत येताना घरापासून आठ-दहा किलोमीटरवरच्या पंपावर थांबा. आधी स्टॅबिलायझर टाकीत ओता, मग पेट्रोल भरा, म्हणजे दोन्ही आपोआप मिसळतात. नेहमीच्या लाल स्टॅबिलायझरचं प्रमाण साधारण 10 लिटरला 30 मिलिलिटर असतं, म्हणजे 15 लिटरच्या टाकीला 45. तरी बाटलीवरचं वाचा, काही प्रकार जास्त तीव्र असतात. टाकी तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत भरा, काठोकाठ नको. अर्धी रिकामी लोखंडी टाकी आतून घाम धरते आणि गंजते. त्यात इथल्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. पंपापासून घरापर्यंतच्या फेरीत स्टॅबिलायझर मिसळलेलं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतं. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर घरी आल्यावर पेट्रोल कॉक बंद करून फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) रिकामा करा. त्या चमचाभर पेट्रोलचा चिकट थर होऊन जेट बुजतात.

इंजिन गरम आहे तोवरच ऑइल काढा. ऑइल हजार किलोमीटरपूर्वीच बदललं होतं, आता कशाला, असा प्रश्न येतो. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि पाणी असतं, आणि ते पाच महिने बेअरिंगला लागून राहू देण्यात शहाणपण नाही. नवं ऑइल, नवा फिल्टर, नवा वॉशर घालून इंजिन मिनिटभर चालवा, बंद करा, थोडं थांबून पातळी बघा. त्यानंतर ते इंजिन वसंतापर्यंत सुरू करायचं नाही.

याच मुद्द्यावर आपल्या लोकांशी सगळ्यात जास्त वाद होतो. 'आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेव, बॅटरी उतरत नाही' हा सल्ला गावाकडून फोनवर हमखास येतो. तिकडे तो फारसा नडत नाही, कारण गाडी सुरू केली की कुणीतरी कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध आणतंच. इथे उभ्या गाडीवर तो नुकसान करतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन पूर्ण तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं. उणे दहात पाच मिनिटं नुसतं घुरघुरणारं इंजिन तेवढं तापतच नाही. मग ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि क्रँककेसमध्ये साचतं, थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि ऑइल बघायच्या काचेवर आतून दुधी फेस दिसायला लागतो. बॅटरीलाही फायदा नाहीच: स्टार्टर जेवढं खेचतो तेवढं परत भरायला आयडलिंगवरची पाच मिनिटं पुरत नाहीत, हेडलाइट आणि पेट्रोल पंपच त्यातलं बरंचसं खातात. शिवाय बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड. तो रंगहीन, वासहीन वायू घरात शिरला तर कळतही नाही.

बॅटरीसाठी वेगळी सोय करा. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते, 12.4 च्या खाली गेली की चार्ज करा. भरलेली बॅटरी कॅनडाच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच गोठून तडकू शकते. गॅरेजमध्ये वीज असेल तर साधारण एक अँपिअरचा, आपोआप थांबणारा मेंटेनर लावून सोडा. फ्यूजवाली छोटी वायर बॅटरीला कायमची जोडून ठेवली की दर वेळी सीट काढावी लागत नाही. कारचा जुना जाडजूड चार्जर लावून विसरू नका, बॅटरी उकळून मरते. वीज नसेल तर बॅटरी घरी आणा. काढताना काळी वायर आधी, लावताना लाल आधी. उलट केलंत आणि पाना चुकून चासीला टेकला तर ठिणगी पडते. लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठीच बनवलेला चार्जर वापरा, आणि शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करू नका.

चेन गरम असतानाच साफ करून लूब लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून फडका धरला की बोट स्प्रॉकेटमध्ये जातं, आणि असे अपघात दर वर्षी होतात. ब्रश तारेचा नको, चेनमधल्या रबरी ओ-रिंग फाटतात. गंजरोधक स्प्रे नट-बोल्ट, फ्रेमचे सांधे आणि वायरच्या कनेक्टरवर मारा. डिस्क, ब्रेक पॅड, टायर, सीट आणि फूटपेगवर थेंबही जाऊ देऊ नका. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांहून जुनं असेल तर ते बदलायची वेळ हीच. कूलंट अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल असेल तर उणे 37 पर्यंत चिंता नाही. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने नुसतं पाणी भरलेलं असू शकतं. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या तपासणी-नळीने एकदा बघा, कारण गोठलेलं पाणी इंजिन ब्लॉक फोडतं.

टायरमध्ये बाजूला लिहिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत हवा भरा. गाडी स्टँडवर उचलता आली तर उत्तम, नाहीतर टायरखाली प्लायवुडचा तुकडा घाला आणि दोन-तीन आठवड्यांनी चाक पाव फेरी फिरवा. उंदीर हा इथला खरा भाडेकरू: एअर फिल्टरच्या डब्यात कापूस-कागदाचं घर करतो, वायरी कुरतडतो. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा आत जायच्या वाटेत स्टील वूल कोंबा, आणि लगेच हँडलला चिठ्ठी बांधा: 'सायलेन्सर बंद आहे'. चिठ्ठीशिवाय कोंबू नका.

जागेचं म्हणाल तर गरम गॅरेज ही चैन. कोरडी थंड जागा पुरते. प्लास्टिकची ताडपत्री नको, आत दव साचून सगळा खटाटोप फुकट जातो. वॉटर हीटर किंवा फर्नेसच्या जवळ बाइक ठेवू नका, तिथे ज्योत असते आणि टाकीतून वाफ निघतच असते. काँडोत राहत असाल तर बेसमेंटमध्ये बाइक हिवाळाभर ठेवायला चालते का, ते आधी लेखी विचारा. भाड्याच्या स्टोरेजमध्ये काही ठिकाणी पेट्रोल असलेली गाडी घेतच नाहीत.

विमा रद्द करायचा मोह होतो, पण इथे बाइकचा हप्ता बहुधा उन्हाळ्याच्या हिशेबानेच बांधलेला असतो, त्यामुळे हिवाळ्यात रद्द केलात तर परत मिळतं थोडं आणि विम्याच्या इतिहासात खंड पडतो. त्याऐवजी चोरी-आगीचं संरक्षण चालू ठेवून बाकीचं थांबवता येतं का, ते ब्रोकरला विचारा. तसं केलंत तर फेब्रुवारीतल्या एखाद्या उबदार रविवारी गल्लीतसुद्धा गाडी काढायची नाही. हे सांगायचं कारण पोर्ट डोव्हर. 1981 पासून प्रत्येक 13 तारखेच्या शुक्रवारी बाइकवाले लेक ईरीकाठच्या त्या गावात जमतात, आणि 13 तारखेचा शुक्रवार फेब्रुवारीतही येतो. जायचं तर कारने जा.

आता लायसन्स, कारण नवे लोक इथे हमखास फसतात. एम1, म्हणजे लेखी परीक्षेनंतर मिळणारं बाइकचं शिकाऊ लायसन्स, फक्त 90 दिवस चालतं आणि एम2 या पुढच्या पायरीच्या रोड टेस्टआधी ते किमान 60 दिवस हातात असावं लागतं. सप्टेंबरमध्ये उत्साहाने लेखी परीक्षा दिलीत तर ते साठ दिवस नोव्हेंबरच्या बर्फात संपतात, टेस्टची तारीख मिळत नाही आणि परीक्षा पुन्हा. हिवाळ्यात हँडबुक वाचून तयार राहा आणि लेखी परीक्षा एप्रिलमध्ये द्या. एम1 वर अंधारात चालवायचं नाही, मागे कुणाला बसवायचं नाही, आणि काही ठरावीक उत्तरेकडचे हायवे सोडले तर ताशी 80 किलोमीटरच्या वरच्या हायवेवर जायचं नाही. बाइक शिकवणाऱ्या संस्थांचे वीकेंड कोर्स जानेवारी-फेब्रुवारीतच बुक करा, चांगल्या तारखा लवकर जातात. मान्यताप्राप्त कोर्स केला तर पूर्ण लायसन्सआधीचा एम2 चा काळ 22 महिन्यांवरून 18 वर येतो. पण त्या 22 महिन्यांत दोन हिवाळे आले तर गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर दहा-बारा महिनेच असते. लायसन्सवरचे महिने आणि हातातला सराव यांत घोळ करू नका.

जॅकेट-हेल्मेट घरात, खोलीच्या तापमानाला ठेवा. हेल्मेटचं अस्तर काढून धुवा, आणि ते पेट्रोलच्या वासात, गॅरेजमध्ये टांगू नका. नवं सामान घ्यायचं तर डिसेंबर-जानेवारीत घ्या, दुकानांत सवलती असतात. हंगाम थोडा लांबवायचा म्हणून विजेवर तापणारं जॅकेट घेणारे बरेच असतात. 5 अंशांत ताशी 100 ने गेलात की अंगाला उणे 3 लागतं, तेव्हा गरज खरी आहे. पण असं जॅकेट 70-90 वॅट खातं, आणि 300-400 सीसीच्या गाडीकडे एवढी शिल्लक वीज असेलच असं नाही. आधी मॅन्युअलमध्ये अल्टरनेटर किती वॅटचा आहे ते बघा.

पाडव्याला कव्हर काढून पूजा खुशाल करा, रस्त्यावर मात्र उतरू नका, मार्चमध्ये मीठ असतंच. एप्रिलच्या मध्यात, सकाळी 10 अंश असतील आणि रस्ता धुतलेला दिसेल तेव्हा काढा. चिठ्ठी वाचा, स्टील वूल काढा, एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. टायरमधली जास्तीची हवा सोडून मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. फुगलेला थंड टायर पहिल्याच वळणावर घसरतो. टायरच्या बाजूला कोरलेल्या तारखेचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा, असा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायला झाला. डिस्कवर गंजाचा पातळ थर असेल, पहिले पाच-सहा ब्रेक खरखरतील आणि कमी लागतील. ते घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात मारून घ्या. मग एखादं रिकामं पार्किंग गाठा: ताशी 30 वरून दोन्ही ब्रेक लावून थांबणं दहा वेळा, क्लच अर्धा धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरणं दोन्ही बाजूंना. चौकांच्या कडेला हिवाळ्यात टाकलेली वाळू अजून असते, त्यामुळे पहिला महिना वळणं गाडी फार न झुकवता, सावकाश घ्या. शंभर किलोमीटर झाले की चेनचा ताण आणि ऑइलची पातळी पुन्हा बघा.