ऑप्टिक नर्व्हचं मायलिन आणि उंदरांची मॉडेल्स : या चुका टाळा

‘मॅडम, मायलिन गेलंय!’ असं म्हणत कुणी हसतमुखाने स्लाइड घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुकडा कुठून कापलास?

बहुतेकांना हा प्रश्न खुसपट काढल्यासारखा वाटतो, पण तो तसा नाही. ऑप्टिक नर्व्ह म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, आणि मायलिन म्हणजे तिच्यातल्या ॲक्सॉनवरचं (चेतापेशींच्या लांब तंतूंवरचं) वेष्टण. रेटिनातल्या पेशींचे ॲक्सॉन डोळ्याच्या आत उघडेच असतात. तिथे मायलिन असतं तर प्रकाशच अडला असता. डोळ्याबाहेर पडल्यावरही ते काही अंतर तसेच उघडे जातात आणि मग हळूहळू त्यांच्यावर मायलिनचं वेष्टण चढतं. उंदराची अख्खी ऑप्टिक नर्व्ह डोळ्यापासून कायझ्मापर्यंत (दोन्ही नर्व्ह मेंदूखाली जिथे भेटतात तिथपर्यंत) जेमतेम पाच मिलिमीटर. त्यातला डोळ्याला लागून असलेला भाग निरोगी उंदरातही मायलिनशिवायच असतो. तुम्ही नेमका तोच भाग रंगवलात तर मायलिन कसं दिसेल? जे तिथे कधी नव्हतंच, ते ‘गेलं’ कसं म्हणायचं? (सशाची गोष्ट वेगळी. त्याच्या रेटिनावर मायलिनचे पांढरे पट्टे उघड दिसतात. म्हणून सशावरचा जुना अनुभव उंदराला लावू नये.)

आमच्याकडे एक मुलगा लायसोलेसिथिनवर, म्हणजे मायलिन घालवणाऱ्या रसायनावर, काम करत होता. एक टक्का द्रावण, बारीक काचेची सुई, आणि डोळ्याच्या खोबणीतून वाट काढून थेट नर्व्हमध्ये टोचायचं. हात चांगला होता, घाई त्याहून चांगली. सहा उंदरांना लायसोलेसिथिन, सहांना नुसतं सलाईन. मायलिन निळं करणारा रंग दिल्यावर औषधवाल्या सहाही नर्व्ह फिक्या, सलाईनच्या सगळ्या गडद निळ्या. इतका स्वच्छ निकाल पाहून पोस्टर छापूनही झालं होतं. मी स्लाइड भिंगाखाली घेतली तर सेक्शनच्या एका टोकाला काळसर ठिपके. घाण असेल म्हणून दुसरी घेतली, तिथेही तेच. काळ्या उंदराच्या डोळ्यातल्या कोरॉइडचं (रेटिनामागच्या थराचं) रंगद्रव्य होतं ते! म्हणजे तुकडा डोळ्याला चिकटूनच कापलेला. मग चौकशी केली. औषधवाले उंदीर त्याने स्वतः खोबणीच्या बाजूने उघडले होते. सलाईनवाले दुसऱ्या दिवशी एका मित्राने कवटी उघडून, मेंदूच्या बाजूने काढले होते. एका गटाचा पुढचा भाग, दुसऱ्याचा मागचा, आणि तुलना मात्र औषध विरुद्ध सलाईन! उरलेले तुकडे शोधून पुन्हा लांबीत कापले तेव्हा सहापैकी दोघांमध्येच खरी जखम सापडली. चौघांच्या नर्व्हमध्ये औषध बहुधा शिरलंच नव्हतं, आवरणाबाहेर वाहून गेलं होतं. त्याने पोस्टर गुंडाळून कपाटामागे ठेवलं, ते अजून तिथेच आहे.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. डोळा, नर्व्ह आणि कायझ्मा एकसंध काढायचे, कितीही वेळ लागो. डोळ्याकडच्या टोकाला टिश्यूचा रंग लावायचा, म्हणजे पुढे-मागेचा घोळ होत नाही. पहिला दीड मिलिमीटर मी मोजणीत धरतच नाही. जखमच तिथे असेल तर कंट्रोलमध्येही डोळ्यापासून तेवढ्याच अंतरावरचा भाग घेते. नर्व्ह काढताना चिमटा नर्व्हला लावायचा नाही, डोळ्याला लावायचा. ओढली गेलेली नर्व्ह सेक्शनमध्ये फाटक्या मायलिनसारखी दिसते आणि मग लोक त्याचेही फोटो काढतात.

रंगाबद्दल थोडं. लक्सॉल फास्ट ब्लू हा मायलिनचा निळा रंग स्वस्त आणि सोपा आहे, पण इतक्या बारीक नर्व्हमध्ये त्याच्या फिकेपणावर आकडे काढू नका. रंग उतरवण्याच्या पायरीत काही सेकंदांचा फरक पडला तरी निळा रंग ‘आजारी’ दिसतो. औषधवाल्या आणि कंट्रोलच्या स्लाइड एकाच रॅकमध्ये, एकाच वेळी जायलाच हव्यात. ॲक्सॉन आणि वेष्टण खरंच मोजायचं असेल तर ग्लुटारअल्डिहाइडमध्ये फिक्स करून, ऑस्मियम देऊन, रेझिनमधले सेमीथिन (अगदी पातळ) सेक्शन काढा. मेहनत आहे, पण पर्याय नाही. शिवाय वेष्टण पातळ दिसलं म्हणजे ते झडतंय असं नाही. पुन्हा तयार झालेलं मायलिनही पातळच असतं.

दुसरा माझा लाडका राग ईएईच्या स्कोअरवर आहे. ईएई म्हणजे उंदरात मुद्दाम घडवलेला, मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर उलटते.

एमओजी पेप्टाइड (मायलिनमधल्या एका प्रथिनाचा तुकडा) टोचलं, पर्ट्युसिस टॉक्सिन (डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं विष) दिलं, आणि नवव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास शेपूट लुळी पडली. मग उंदीर मागचे पाय ओढायला लागला. शून्य ते पाच स्कोअर, रोज सकाळी वहीत. इथपर्यंत ठीक. पण हा स्कोअर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा आहे, डोळ्यांचा नाही! शेपूट ऑप्टिक नर्व्हवर चालत नाही. ऑप्टिक नर्व्हमधली सूज शेपूट पडायच्या आधीच सुरू झालेली असू शकते. स्कोअर शून्य असलेल्या उंदराच्या नर्व्हमध्ये दाहक पेशी भरलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि मागचे पाय पूर्ण गेलेल्याची एक नर्व्ह साफ निरोगीही पाहिली आहे. तरीही दर वर्षी कुणीतरी स्कोअर तीनवर पोचायची वाट बघतं आणि मग औषध सुरू करतं. तोवर डोळ्यातलं नुकसान होऊन गेलेलं असतं, मग ‘औषध चालत नाही’ हा निष्कर्ष तयारच.

मी काय करते? मुख्य प्रयोगाआधी थोडे उंदीर वेगवेगळ्या दिवशी बघून नर्व्हमध्ये पेशी कधी येतात ते आमच्याच उंदरांत पाहून घेते. दुसऱ्याच्या पेपरमधला दिवस आपल्या उंदरांना लागू होईलच असं नाही. नवे उंदीर आले की आठवडाभर त्यांना हातही लावू देत नाही, कारण प्रवासाच्या ताणाने ईएई बिघडतो. घाईत असणाऱ्यांना हा आठवडा फार खुपतो.

डोळे दोन आहेत म्हणून ईएईमध्ये एकाला कंट्रोल मानू नका. दोन्हीकडे आजार होऊ शकतो, कमी-जास्त प्रमाणात. आणि आकडेवारीत एका उंदराचे दोन डोळे म्हणजे दोन उंदीर नव्हेत.

जात तपासा. एसजेएल उंदरांमध्ये आरडी१ म्युटेशन असतं, त्यांची रेटिना तशीही झिजते. त्यांच्यावर दृष्टीची चाचणी म्हणजे वेळ वाया. सी५७ ब्लॅक सिक्समध्येही ‘एन’ आणि ‘जे’ वेगळे. ‘एन’मध्ये आरडी८ हे रेटिना बिघडवणारं म्युटेशन असतं. पुरवठादाराच्या कागदावरचं ते एक अक्षर वाचत चला.

क्युप्रिझोन (मायलिन बनवणाऱ्या पेशी मारणारं रसायन): खाद्यात ०.२ टक्के, पाच-सहा आठवडे, कॉर्पस कॅलोझममध्ये (मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणाऱ्या पट्ट्यात) मायलिन हमखास जातं. ऑप्टिक नर्व्हबाबत इतका भरवसा नाही. डोळ्याचा प्रश्न असेल तर हे मॉडेल ‘सोपं आहे’ म्हणून निवडू नका.

नर्व्ह चिमट्याने चिरडणं म्हणजे मायलिन घालवणं नव्हे. त्यात ॲक्सॉनच तुटतो, मायलिन नंतर त्याच्या मागोमाग जातं.

व्हीईपी (डोळ्याला प्रकाश दाखवल्यावर मेंदूत उमटणारा विद्युत सिग्नल) घेताना उंदीर गार पडू देऊ नका. भूल दिल्यावर काही मिनिटांत त्याचं तापमान उतरतं, सिग्नल उशिरा येतो, आणि तो उशीर हुबेहूब मायलिन गेल्यासारखा दिसतो. गरम पॅड आणि गुदमार्गात थर्मामीटर, दोन्ही हवेत. ‘पॅड लावलाय ना’ एवढं पुरत नाही. आमचा पॅड एकदा प्लगमध्येच नव्हता. केटामाइन-झायलाझिनच्या भुलीने काही वेळ लेन्स पांढरी होते, तेव्हा डोळ्यात थेंब टाकत रहा आणि नोंद घेण्याआधी डोळ्यात बघा. सिग्नलचा वेळ लांबला तर मायलिनचा संशय आणि त्याची उंची कमी झाली तर ॲक्सॉनचा, हा ढोबळ हिशेब लेन्स स्वच्छ असेल तरच.

शेवटचं पिंजऱ्यातलं. मागचे पाय गेलेला उंदीर वरच्या जाळीतलं खाद्य आणि बाटलीची तोटी गाठू शकत नाही. मग वजन उतरतं आणि ते तुम्ही ‘आजाराची तीव्रता’ म्हणून लिहिता, खरं तर तो उपाशी असतो. ओलवलेलं खाद्य खाली ठेवा, लांब नळीची बाटली लावा, रोज वजन घ्या, आणि वजन किती घटलं की प्रयोग थांबवायचा हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी वहीत लिहून ठेवा. हे शनिवार-रविवारीही करावं लागतं. त्या दोन दिवसांच्या रकान्यात शुक्रवारचाच आकडा दिसला तर मी ती वही परत करते.