रूट कॅनाल झालं, ठणका थांबला. आता कॅपच्या बाबतीत या चुका टाळा

दाढ ठणकत असते तेव्हा माणूस रात्र कशीबशी काढतो आणि सकाळी डॉक्टरांच्या दारात उभा राहतो. रूट कॅनाल होतं, ठणका थांबतो आणि मग कॅपसाठी, म्हणजे दातावर बसवायच्या टोपणासाठी, दिलेली तारीख या ना त्या कारणाने पुढे जात राहते.

रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस काढून टाकतात. त्या दाताला आता गार-गरम लागत नाही आणि कीड खोल गेली तरी कळ येत नाही. नस वेळेवर ओरडायची, म्हणून तर आपण डॉक्टरांकडे गेलो होतो. आता ओरडणारंच कुणी नाही. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

तात्पुरत्या फिलिंगवर महिनोन्महिने काढणं

माझ्या मते सगळ्यांत जास्त दात याच चुकीमुळे गमावले जातात. किडीने दाढेचा बराच भाग आधीच खाल्लेला असतो, त्यात नसेपर्यंत पोचायला माथ्यातून भोक पाडावं लागतं. उरतात त्या कडेच्या भिंती. चावताना समोरच्या दाढेचा उंचवटा मधल्या खाचेत पाचरीसारखा बसतो आणि या भिंती बाहेर ढकलतो. लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवतात, तशी कॅप या भिंतींना चहूबाजूंनी आवळून धरते. ती नसेल तर एखाद्या दिवशी साध्या घासालाही दाढ चिरते. नुसता वरचा टवका उडाला तर दात बहुधा वाचतो. चीर दाताच्या मुळापर्यंत उभी उतरली, तर मात्र दात काढण्याशिवाय सहसा इलाज उरत नाही आणि रूट कॅनालची सगळी मेहनत वाया जाते.

शिवाय तात्पुरतं फिलिंग काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजतं, कडेने लाळ झिरपते, लाळेबरोबर जंतू जातात आणि मुळांतल्या साफ केलेल्या नळ्यांत पुन्हा संसर्ग होतो. हे सगळं न दुखता चालतं. म्हणून रूट कॅनालच्या शेवटच्या बैठकीतच विचारून घ्या: पक्कं फिलिंग कधी, कॅपचं माप कधी? मुळाशी मोठा संसर्ग होता म्हणून डॉक्टर थोडं थांबायला सांगत असतील तर थांबा, पण भोक पक्कं बुजवलं आहे ना, हे विचाराच.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रत्येक दाताला कॅप लागतेच असं नाही. पुढच्या दाताचा बराचसा भाग शाबूत असेल तर नुसतं पक्कं फिलिंगही पुरतं. दाढा आणि उपदाढांना मात्र बहुतेक वेळा कॅप हवीच.

‘पोस्ट घातली, म्हणजे दात मजबूत झाला’

हा गैरसमज फार पसरलेला आहे. पोस्ट म्हणजे दाताच्या मुळाच्या आत बसवलेली बारीक खुंटी. ती वरचा भराव धरून ठेवते, मुळाला बळ देत नाही. कॅपची खरी पकड हिरडीच्या वर उरलेल्या मूळ दातावर असते. चहूबाजूंनी साधारण दीड ते दोन मिलिमीटर निरोगी दात असेल तर ती नीट टिकते. दात हिरडीलगत तुटला असेल तर कॅप किती काळ टिकेल, हे आधीच मोकळेपणाने विचारा.

उंच लागणाऱ्या कॅपची ‘सवय होईल’ म्हणणं

हिरडी बधिर असताना चावण्याचा अंदाज नीट येत नाही. घरी गेल्यावर जाणवतं की तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकते आहे. दोन दिवसांत चावताना दुखू लागतं आणि माणूस गोंधळतो, नस काढली मग दुखतं कसं? मुळाभोवती तंतूंचं एक पातळ आवरण असतं. ते जिवंत असतं, दाब ओळखतं आणि सतत ठेचलं गेलं की दुखतं. डॉक्टर रंगीत कागद चावायला देऊन उंच जागा शोधतात आणि तेवढीच घासतात. काही मिनिटांचं काम, त्यासाठी संकोच कसला?

निघालेली कॅप घरीच चिकटवणं

घरातला झटपट गोंद तोंडात वापरू नका. तो हिरडीला इजा करतो आणि कॅप तिरकी बसली की पुढचं काम अवघड होतं. कॅप धुऊन डबीत ठेवा, ती बाजू चावायला वापरू नका आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. नुसती अडकवून झोपू नका, ती गिळली जाऊ शकते किंवा श्वासनलिकेत जाऊ शकते. फार दिवस गेले तर शेजारचे दात सरकतात आणि तीच कॅप पुन्हा बसत नाही. तात्पुरती कॅप असेल तर चिकट पदार्थ टाळा आणि फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, वर न ओढता बाजूने काढून घ्या.

‘कॅपला कीड लागत नाही’

कॅपला लागत नाही, पण तिच्या कडेखालच्या दाताला लागते. हिरडीलगतची ती कडा रोज ब्रशने आणि फ्लॉसने साफ करायलाच हवी. फ्लॉस तिथे दर वेळी फाटत असेल, वास येत असेल किंवा कॅप बसल्यापासून घास अडकत असेल तर दाखवून घ्या. झोपेत दात खात असाल तर रात्री लावायच्या गार्डबद्दल विचारा. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर कॅपचा रंग ठरवण्याआधी करा, कारण कॅपचा रंग नंतर बदलत नाही.

रूट कॅनालनंतर काही दिवस थोडं हुळहुळणं साहजिक आहे. सूज वाढणं, चावून दाब सोडताना कळ येणं किंवा हिरडीवर पुळी येणं साहजिक नाही. पुळी दुखत नाही म्हणून बरेच जण ती तशीच सोडतात. तिच्यातून पू वाहून जात असतो, म्हणूनच ती दुखत नसते. ‘आता चांगली कॅप फोडावी लागेल’ या भीतीनेही थांबू नका. पुष्कळदा कॅप न काढता, तिच्यातूनच भोक पाडून रूट कॅनाल पुन्हा करता येतं.